बावीस मीटरचा पट्टा

'निचरा' हा शब्द सरांना खपत नसे. ऑफिसात कुणी 'पावसाच्या पाण्याचा निचरा' असं म्हणालं, की ते चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. "निचरा भांड्यांचा होतो. पावसाची पाठवणी करायची असते. पोरगी सासरी धाडताना तिकडची माणसं बघतो, घर बघतो. तुम्ही पाण्याला नुसतं दाराबाहेर ढकलता, आणि मग विचारता, गोदेला एवढा पूर कसा आला!"

मी त्या ऑफिसात नकाशे काढायची. नव्वदीच्या दशकाचा मध्य होता. नाशिक चहूबाजूंनी शेतांत शिरत होतं आणि आमचं छोटंसं खाजगी ऑफिस नव्या लेआउटचे रस्ते आणि पावसाळी गटारं आखून द्यायचं. कुठल्याशा ओळखीतून आमच्या साहेबांनी सरांना सल्लागार म्हणून आणलं होतं. त्याआधी ते कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. पहिल्याच तासाला ते वर्गाला मैदानात नेऊन पालथं झोपवायचे आणि सांगायचे, "आता जिच्याबद्दल वर्षभर बोलायचंय तिची ओळख करून घ्या." पालकांच्या तक्रारी आल्या. सरांनी पालकांनाही झोपायला सांगितलं, असं म्हणतात. ते खरं असावं.

ते सगळ्यांना 'अहो' म्हणत. मी बावीस वर्षांची होते, तरी मला 'बाई' आणि 'अहो'. खड्डे खणणाऱ्या मजुराला 'अहो'. मोजणीसाठी जमिनीवर पसरलेल्या तारेवर येऊन बसलेल्या कुत्र्यालाही, "अहो, जरा सरकता का? रीडिंग घ्यायचंय."

त्यांचं काम वरून पाहिलं तर पोरखेळ वाटायचं. एका ओळीत चार लोखंडी सळया जमिनीत ठोकायच्या, त्यांना तारा जोडायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून बॅटरीची वीज सोडायची आणि आतल्या दोघींमध्ये काय उरतं ते लाकडी पेटीतल्या मीटरवर वाचायचं. ओल्या मातीतून वीज सहज जाते, कोरडा खडक ती अडवतो. सळयांमधलं अंतर वाढवत नेलं की आणखी खोलवरचं कळत जातं. काळी माती कुठवर, खाली मुरूम कुठे, अखंड काळा पाषाण कुठून सुरू होतो, हे सगळं सर खड्डा न खणता सांगायचे. मुरूम असेल तिथे पावसाचं पाणी मुरवता येतं. पाषाणावर काळी माती असेल तिथे ते तुंबतं. म्हणून गटार आखण्याआधी जमिनीला विचारलं पाहिजे, आणि घाईत विचारता कामा नये, हा त्यांचा हट्ट.

कोरड्या जमिनीत सळई नीट चिकटावी म्हणून तिच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागे. सरांच्या डब्याच्या वरच्या खणात पोळीभाजी असायची आणि खालच्या खणात खडेमीठ. एकदा एका बंगल्याच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही काम करत होतो, तर बंगल्यातली बाई तरातरा बाहेर आली. "मीठ पुरताय ते दिसतंय मला. लिंबं कुठं लपवलीत?" सरांनी गंभीरपणे डब्याचा वरचा खण उघडून तिला लोणच्याची फोड दाखवली. "एवढंच लिंबू आहे, आणि ते माझ्या बहिणीनं घातलंय." ती बाई हसली नाही. सरही हसले नाहीत. मी मात्र मीटरच्या पेटीआड तोंड लपवलं.

देवळाली कॅम्पात दोन भाड्याच्या खोल्यांत ते थोरल्या बहिणीसोबत राहत. तिकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला की लोक खिडक्या लावून घेत. सर परातीत पाणी घेऊन जमिनीवर ठेवायचे आणि शेजारी मांडी घालून बसायचे. तोफ उडाली की आधी परातीत वर्तुळं उठत, मग आवाज येई. "बघा, जमिनीतून निरोप लवकर पोचतो," ते म्हणायचे. बहीण म्हणायची, "परात कणकेसाठी हवी आहे." दोघांचं असं चालू असे.

जमिनीवर त्यांचा जितका विश्वास, तितकाच जुन्या माणसांवर. शिवारात गेलं की सळया काढण्याआधी ते तिथली एखादी म्हातारी शोधायचे आणि विचारायचे, "इथं पावसाळ्यात बेडूक कुठं ओरडायचे? म्हशी कुठं लोळायच्या?" उत्तरं त्याच वहीत, रीडिंगच्या शेजारी, लाल शाईनं लिहीत.

गयाबाई भेटल्या त्या अशाच.

मखमलाबादच्या बाजूला एका मालकानं बरीच शेतं घेऊन मोठा लेआउट पाडायला काढला होता. पावसाळी गटारांचा नकाशा आमच्याकडे आला. लेआउटच्या कडेला एका माळी कुटुंबानं आपला तुकडा विकला नव्हता. निवृत्तीभाऊ आणि गयाबाई. शेवंती, झेंडू आणि थोडी मेथी, कोथिंबीर. मूलबाळ नव्हतं. सर पहिली सळई ठोकत होते तेव्हा गयाबाई डोक्यावर पाटी घेऊन बांधावर उभ्या राहिल्या.

"मास्तर, जमिनीला इंजेक्शन देता का काय?"

"हो. पण दुखणं कुठं आहे ते तुम्ही सांगा."

"दुखणं? हितं नाला व्हता ना मोठा. माझी सासू त्याच्यात धुणं धुवायची. ह्या लोकांनी डबर टाकून टाकून बुजावला." त्यांनी पाटी खाली ठेवली आणि चालत जाऊन दाखवलं. "ह्या बाभळीपून तं पार त्या विहिरीपोतर. वरडायला लागली बेडकं तं झोप नाय यायची."

सरांनी तिथे चार आडव्या रेघांवर सळया ठोकून रीडिंग घेतली. चार दिवस लागले. डबराखाली गाळ, गाळाखाली ओल, सगळं मीटरवर आलं. बुजलेला नाला जिथे गयाबाई म्हणाल्या तिथेच होता, बावीस मीटर रुंद. सरांनी वहीत आकृती काढली. हा बावीस मीटरचा पट्टा बांधकामाशिवाय मोकळा ठेवायचा, मधोमध खोलगट मैदान करायचं. तिथे खाली मुरूम होता. वरच्या सगळ्या उताराचं पाणी तिथे येऊन दोन-तीन तास थांबेल, मुरेल, उरलेलं सावकाश पुढे जाईल. हे सगळं त्यांनी बांधावर बसून गयाबाईंना समजावून सांगितलं. आमच्या साहेबांना सांगण्याआधी.

"म्हंजी नाला परत यायचा?" त्या म्हणाल्या.

"आठ महिने मैदान, चार महिने नाला."

"मंग बेस हाय. पर बेडकं येतील."

"येतीलच."

त्या नवऱ्याकडे वळून ओरडल्या, "ऐकलं का? मास्तरानी समदा नाला धरलाय!"

पुढचं लिहायला मला जड जातंय. म्हणून सरळच लिहिते.

सरांची वही ऑफिसात जमा झाली आणि मी तिच्यावरून नकाशा काढला. ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईच्या पेननं, आणि पट्टा बारीक तिरप्या रेघांनी भरून. काम संपत आलं होतं तेव्हा एका दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हा बारीक करायचा. आठ मीटर. दोन्ही बाजूंचे प्लॉट जातायत याच्यात."

"सरांनी बावीस दिलाय."

"सरांशी मी बोललोय."

ते बोलले नव्हते. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. पण बोललोय म्हणाले, आणि मी ते खरं मानायचं ठरवलं. त्या महिन्यात मला कायम करणार होते. मी अर्धं ब्लेड घेतलं आणि शाई खरवडायला लागले. ट्रेसिंग कागदावरची शाई ब्लेडनं हलकेच खरवडून काढावी लागते, मग ती जागा नखानं घोटायची, म्हणजे नवी रेघ फुटत नाही. मी हे काम फार सफाईनं करायची. ऑफिसात माझं त्यासाठी नाव होतं. तासाभरात बावीसचे आठ झाले. मोकळ्या मैदानाच्या जागी एक जाड पाइप आला. खोडलेलं कुठं दिसत नव्हतं.

सर सही करायला आले तेव्हा त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर हिरवी झडप होती. एरवी ते प्रत्येक कागद भिंग लावून तपासत. मी चळत पुढे केली. त्यांनी वरचा कागद उचललाच नाही.

"बाई, तुम्ही काढलेत ना?"

"हो सर."

"मग दाखवू नका. सही कुठं करायची तेवढं बोट ठेवून सांगा."

मी बोट ठेवलं. प्रत्येक कागदावर.

लेआउट झाला. नाल्याच्या अंगावर घरं उभी राहिली. निवृत्तीभाऊंच्या शेताच्या कडेनं मालकानं उंच कुंपणभिंत बांधली. पहिले दोन पावसाळे बेताचे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी धो धो कोसळला. वरून आलेलं पाणी पाइपात मावेना. ते भिंतीला अडून साठत गेलं, छातीएवढं झालं. भिंतीच्या पलीकडे निवृत्तीभाऊंची पत्र्याची शेड होती. तीत तोडून आणलेल्या शेवंतीच्या पाट्या होत्या. फुलं भिजतील म्हणून गयाबाई त्या उचलायला गेल्या आणि भिंत अख्खी त्यांच्या अंगावर आली.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात आले. अंगावरचे कपडे चिखलानं कडक झाले होते. साहेबांना म्हणाले, "माझी वही द्या."

साहेब म्हणाले, "जागा बदलली ना आपण मध्ये. त्या गडबडीत जुनी कागदपत्रं गेली. नकाशा आहे, सही केलेला. त्यात आठ मीटरच आहे की सर. तेवढ्यात मैदान कुठं मावणार, म्हणून पाइप."

सरांनी तो नकाशा भिंग लावून बराच वेळ पाहिला. मग माझ्या टेबलाशी आले. दोन्ही हात टेबलावर टेकवून उभे राहिले.

"बाई, तुम्हाला आठवतं का? मी पट्टा किती दिला होता?"

साहेब त्यांच्या दारात उभे होते. मी म्हणाले, "नकाशात आहे तोच असेल, सर."

"हो," ते म्हणाले. "तुम्ही चुकणार नाही. म्हणजे मी चुकलो."

त्या दिवसापासून सरांनी काम घेणं बंद केलं. कुणी विहिरीची जागा विचारायला आलं तरी सांगायचे, "मी नको. माझं माप चुकतं." माणसं चकित व्हायची. सरांना मात्र खात्री होती, की डोळे अधू झाले होते, ऑपरेशनच्या आधीच्या त्या दिवसांत आकडा वाचताना किंवा आकृती जुळवताना आपण घोटाळा केला आणि त्या घोटाळ्यानं एक बाई गेली.

दर रविवारी ते देवळालीहून बसनं मखमलाबादला जायचे, सळया आणि ती लाकडी पेटी घेऊन. आधी निवृत्तीभाऊंच्या ओसरीवर मान खाली घालून बसायचे. मग नाल्याच्या जागी, घरांच्या मधल्या रस्त्यांवर, बागांत, जिथे परवानगी मिळेल तिथे सळया ठोकायचे. तारेचं दुसरं टोक निवृत्तीभाऊ धरायचे. दर वेळी तेच. कधी एकवीस, कधी बावीस. दर वेळी सर रस्त्यातच मटकन बसायचे. "मग तेव्हा आठ कसे आले हो?"

हे तीन वर्षं चाललं. मला ते ऑफिसातल्या शिपायाकडून कळायचं, त्याचं घर तिकडेच होतं. ऐकून मी मान डोलवायची आणि पेनात शाई भरायची. माझं लग्न झालं, मुलगी झाली. कायम तर मी केव्हाच झाले होते. त्या रस्त्यानं जायचं मात्र मी टाळायची.

मग सरांचं कार्ड आलं. 'एक नकाशा काढायचा आहे. हात तुमचाच हवा. सवडीनं यावे.'

मी देवळालीला गेले. दोन हजार साल उलटून गेलं होतं. सर वाळले होते. टेबलावर त्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं. तीन वर्षांची रीडिंग, आणि लेआउटमधल्या रहिवाशांसाठी लिहिलेलं पत्र. त्यात लिहिलं होतं, की या जागेचं मूळ मोजमाप माझ्या चुकीनं सदोष झालं, त्यातून एक मृत्यू घडला, आणखी घडू शकतो, तरी माझी चूक जाहीर धरून नाल्याची जागा पुन्हा मोकळी करावी.

"याच्यासोबत नकाशा जोडायचाय," ते म्हणाले. "दोन पट्टे शेजारी शेजारी दाखवा. आठ आणि बावीस. आठच्या खाली लिहा, चुकीचे मापन. आणि माझं नाव. नाव ठळक काढा."

त्यांच्या बहिणीनं चहा आणून ठेवला. मी पेन उघडलं. पहिली रेघ ओढली. आठ मीटरचा पट्टा मला मोजावाही लागला नाही, हाताला पाठ होता. खाली 'चुकीचे' एवढं लिहिलं आणि पुढची अक्षरं उमटेनात.

"सर, ते तुमचं माप नाहीये."

"म्हणजे?"

"वहीत बावीसच होतं. मी खरवडलं. साहेबांनी सांगितलं आणि मी ब्लेडनं खरवडलं. तुम्ही विचारलंत तेव्हाही मला माहीत होतं."

सर पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन. लहान मुलासारखा, लख्ख. ते पेटीपाशी गेले, तिच्यावर हात ठेवला. "म्हणजे हिनं बरोबर सांगितलं होतं. आणि मी बरोबर वाचलं होतं." मग तो आनंद उतरला. ते वळले.

"अहो बाई," ते म्हणाले, "तीन वर्षं तुम्ही मला तिथं सळया ठोकू दिल्यात."

एवढंच. आयुष्यात त्यांनी मला लावलेला बोल एवढाच.

या सगळ्यातून काय झालं तेही इथेच सांगून टाकते. मी जे केलं ते सहीनिशी लिहून दिलं. नोकरी गेली, ती जायलाच हवी होती. साहेबांनी कानावर हात ठेवले, आणि त्यांचं काही वाकडं झालं नाही. पण रहिवासी घाबरले होते. त्यांच्या हातात सरांची तीन वर्षांची रीडिंग होती आणि माझा कागद. दोन वर्षं भांडून त्यांनी रिकामे राहिलेले प्लॉट मालकाकडून सोडवून घेतले, भिंत पाडली आणि नाल्याचा जितका भाग जमला तितका मोकळा केला. आता तिथे एक खोलगट मैदान आहे. जोराचा पाऊस झाला की ते भरतं आणि संध्याकाळपर्यंत रिकामं होतं. सर मात्र त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेले. साध्या तापानं. बहिणीनं मला कळवलं नाही, आणि त्यात तिची काही चूक आहे असं मला वाटत नाही.

पण त्या दिवसाचं राहिलं.

सर म्हणाले, "चला. निवृत्तीभाऊंना सांगायला हवं." चहा तसाच राहिला. आम्ही बसनं निघालो, मध्ये एक गाडी बदलली. सर खिडकीतून बाहेर पाहत होते.

निवृत्तीभाऊ ओसरीवर झेंडूचे हार ओवत होते. सरांना अवेळी आणि सळयांशिवाय आलेलं पाहून उठले. "मास्तर? आज रईवार नाय."

"या बाईंना काही सांगायचंय," सर म्हणाले.

मी उभ्या उभ्या सांगितलं. सगळं. साहेबांचं बोट, ब्लेड, सही, नंतरचं खोटं. निवृत्तीभाऊंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सुई त्यांच्या हातात होती, दोरा लोंबत होता. माझं संपलं. मग त्यांनी विचारलं,

"मंग मास्तरांचं माप बरोबर व्हतं?"

"हो."

"आणि गया म्हणली तेबी बरोबर व्हतं? नाला जिथं दाखावला, तिथंच व्हता?"

"तिथंच होता."

त्यांनी मान हलवली. सुई जपून हारात खोचून ठेवली. आत जाऊन पितळी तांब्या आणला आणि सरांच्या हातात दिला. "पाणी घ्या मास्तर. तीन वरीस तुमी माझ्या दारात मान खाली घालून बसले. मी लय डाव म्हणलो, तुमची चूक नसंल. तुमी आयकायचेच नाय. आता नका घालू खाली."

सरांनी तांब्या तोंडाला लावला, पण त्यांना पिता येईना. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. निवृत्तीभाऊंनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

मग माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"ताई, तुमी जावा आता."

मी सरांकडे पाहिलं. ते काही बोलतील, निदान 'अहो' म्हणतील, असं वाटलं. ते जमिनीकडे पाहत होते.

मी बांधावरून निघाले. रस्त्याला लागण्याआधी मी एकदा मागे वळले. सर ओसरीवर निवृत्तीभाऊंच्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि टोपलीतून एकेक फूल उचलून त्यांच्या हातात देत होते. निवृत्तीभाऊ ओवत होते. मी थोडा वेळ उभी राहिले. कुणी वर पाहिलं नाही.